डॉल्बीचा मान

आमच्या शेजाऱ्याला गाव दिलदार म्हणतं. मी म्हणत नाही. ज्याची भिंत त्याच्या भिंतीला लागून नाही, त्याला तो दिलदारच दिसणार. आमची भिंत लागून आहे. पलीकडं त्याचं पत्र्याचं शेड आहे आणि त्या शेडात त्याचा डॉल्बी आहे. कपाटाएवढाले खोके एकावर एक रचून गाडीवर चढवायचे, जनरेटर लावायचा आणि लग्नाच्या वरातीत, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाला, माणसाची छाती आतून हलेपर्यंत वाजवायचं, हा त्याचा धंदा. धंद्याला माझी ना नाही. पण हा बाहेर वाजवायच्या आधी घरी वाजवून बघतो.

त्याला तो टेस्टिंग म्हणतो. सकाळी डेअरीत दूध घालून आला की टेस्टिंग. नवा खोका आणला की टेस्टिंग, जुना दुरुस्त केला की टेस्टिंग. माईकमध्ये तो "हॅलो, चेक, हॅलो" इतक्यांदा म्हणतो, की एकदा मी भिंतीवर लाटणं आपटून "आलं, ऐकू आलं!" म्हणून ओरडले होते. गाणं सुरू झालं की आधी आमच्या मांडणीतली ताटं वाजायला लागतात, मग खिडकीची काच. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन त्याच भिंतीला आहे, कारण उजेडाची खिडकी त्याच कोपऱ्यात आहे. टेबलावर ठेवलेली बॉबिन सरकत सरकत कडेला येते आणि खाली पडते. ती उचलायला वाकले की माझ्या तोंडून जे निघतं ते लिहिण्यासारखं नाही.

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. पलीकडच्या वाडीतल्या बाईनं हाक मारली तर आमच्या अंगणात ऐकू यायची. लग्न होऊन कवठे महांकाळकडं आले तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, तिकडं पाण्याचे हाल आहेत. पाण्याचं पुढं काहीतरी झालं, कॅनॉल आला, द्राक्षाच्या बागा आल्या. आवाजाचं मात्र कुणीच बोललं नव्हतं.

भांडले नाही असं नाही. आधी गोडीनं सांगितलं, मग दारात उभी राहून सांगितलं, मग पदर खोचून सांगितलं. त्याचं उत्तर ठरलेलं. "आवं वहिनी, पाच मिन्टं. लगीच बंद करतो." पालथ्या घड्यावर पाणी. पोलिसांना फोन केला, तर मोटारसायकलवरून एकजण आला, शेडात बसून चहा प्याला आणि जाताना पुतण्याच्या लग्नाला डॉल्बी सांगून गेला. सरपंचांकडं गेले, तर ते म्हणाले, "दिवसाढवळ्या कोण झोपतंय वहिनी?" जशी काही शांतता फक्त झोपायलाच लागते.

हे सगळं रडतखडत चाललं असतं. गावात राहायचं म्हणजे थोडं सोसायचं, एवढी अक्कल मला आहे. पण मग माझ्या नवऱ्याचे कान गेले.

नवरा फौजेत, तोफखान्यात. आमच्याकडं त्यात नवल नाही, गल्लीत दर दोन घरांआड कुणीतरी वर्दीतलं आहे. लग्न झाल्यापासून आमचा संसार बराचसा फोनवरच झाला. त्याची एक सवय होती. बोलणं संपलं की म्हणायचा, "आता फोन मशीनपाशी ठेव. तू शिव." मी शिवत राहायची आणि तो तिकडं कुठल्यातरी थंडीत बसून माझ्या मशीनचा आवाज ऐकायचा. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस खुळा आहे. पुढं मीच त्या फोनची वाट बघायला लागले. पण नेमका पलीकडं डॉल्बी सुरू झाला की फोनमधून दुसरं काही जायचंच नाही. "ऱ्हाऊ दे मग," म्हणून तो ठेवून द्यायचा. तेव्हा मला त्या शेडावर दगड टाकावेसे वाटायचे.

निवृत्तीच्या आधीच्या सुट्टीत तो आला, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि हा स्वयंपाकघरात बसून पेपर वाचतोय. मी काहीही बोलले की "व्हय" म्हणायचा. आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, वय झालं तसा शहाणा झाला. मग एकदा जेवताना विचारलं, "मीठ जास्त झालंय का कमी?" तर म्हणाला, "व्हय."

त्या दिवशी मी ताट बाजूला सारलं आणि त्याच्यासमोर बसून त्याला बोलतं केलं. डावा कान गेला होता. तोफांनी खाल्ला. उजव्यात थोडं उरलं होतं. फौजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उजवा जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा, उरलंय ते गेलं तर परत यायचं नाही. मोठा आवाज झाला की सुई घातल्यासारखं दुखतं, म्हणाला. आणि म्हणाला, "कुणाला सांगू नगंस. फौजी भैरा झाला म्हणत्याल."

त्या सुट्टीत पलीकडं टेस्टिंग लागलं की माझा नवरा मुकाट उठायचा आणि रानात जायचा, विहिरीच्या पल्याड, बागेत. मी खिडकीतून त्याची पाठ बघायची. इतकी वर्षं कुठं कुठं राहून माणूस घरी आला, आणि घरातून त्याला हाकलतोय कोण, तर एक पत्र्याचं शेड. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. परत ड्युटीवर जाताना तो म्हणाला, "रिटायर झालो की मला काय नगं. तुझ्या मशीनपाशी एक खुर्ची टाक, झालं." मी दुसऱ्याच दिवशी खुर्ची टाकली. बसल्यावर उजवा कान मशीनकडं येईल अशी टाकली.

आता आमच्या गावची रीत सांगायला पाहिजे. फौजी नोकरी पुरी करून परत आला की फाट्यापासून घरापर्यंत त्याची मिरवणूक निघते. उघडी जीप, हार, फेटा, चौकात फ्लेक्स, आणि पुढं डॉल्बी. पूर्वी लेझीम असायची, हलगी असायची. आता डॉल्बी. मागं एकजण गाजावाजा नको म्हणून गपचूप एसटीतून उतरून घरी आला, तर पुढं कितीतरी दिवस पारावर चर्चा होती, ह्याला मधूनच काढलाय का काय?

नवऱ्याच्या येण्याची तारीख ठरली आणि शेजारी आमच्या दारात आला. हात जोडून म्हणाला, "वहिनी, दादाच्या मिरवणुकीला आपला डॉल्बी. समदे खोके लावतो. भाड्याचं नाव काढायचं न्हाई. नवा बेस आणलाय, त्यो आजून कुठं वाजीवला न्हाई. पयला दादाच्या म्होरं वाजणार." आणि खरंच सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. दावा साधणाऱ्याला चार शिव्या देता येतात. मान देणाऱ्याचं काय करायचं?

नवऱ्याला दिलेला शब्द मी तिथंच मोडला. म्हटलं, "तुमच्या दादाच्या कानाला तरास हाय. डागदरनं मोठ्या आवाजाला मनाई केलीया. डॉल्बी नगं."

तो हसला. "आवं वहिनी, तोफंम्होरं उभा ऱ्हायलेला गडी त्यो! आमच्या डॉल्बीला भ्यील व्हय?"

तोफेपुढं उभा राहिला म्हणूनच कान गेले, हे त्या शहाण्याला कसं सांगावं? तरी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जाता जाता म्हणाला, "फटाकं बी आणल्यात."

मग घरातल्या माणसांकडं वळले. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मामांनी फ्लेक्ससाठी फोटो निवडायला काढले होते. माझं सगळं ऐकून त्यांनी फोटो खाली ठेवले. "समद्यांच्या पोरांची वाजतगाजत निघाली. माझ्याच ल्योकाला मुक्यानं आणू? काय पाप केलंय त्येनं?" आत्या म्हणाल्या, "एक दिवसाचा तर परश्न हाय." सगळ्यांचं तेच. एक दिवस. कानाला एक दिवस आणि शंभर दिवस यातलं काय कळतं?

शेवटी नवऱ्यालाच फोन लावला. म्हटलं, "तुमी सांगा. तुमच्या तोंडानं न्हाई म्हणा, म्हंजे इषय मिटला." मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत ओरडले. मग तो म्हणाला, "ऐकलं गं. पर लोक परेमानं करत्यात. त्येंना न्हाई कसं म्हणू?"

"मग कानात बोळं तरी घाला."

"वर्दीत? कानात बोळं घालून जीपमधी उभा ऱ्हाऊ?"

मी फोन आपटला. डोंगरावर, बर्फात, तोफेच्या तोंडाशी न घाबरणारा माणूस चार गाववाल्यांना नाही म्हणायला घाबरत होता. त्या दिवशी एका बाईच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या आणि मग सगळं उसवत बसले.

तो दिवस आला. दारात रांगोळी, आंब्याचे टहाळे, गल्लीतल्या सवाष्णी जमलेल्या. आमच्याकडं लांबून आलेल्या माणसाला तसाच आत घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, आणि मग त्याला ओवाळायचं. तोवर त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. आत्यांच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. माझ्या हातात ताट होतं, त्यात हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि तुपाचं निरांजन.

मिरवणूक दिसायच्या आधी मांडणीतल्या ताटांना कळली. मग जमिनीला कळली. मग चौकातून वळून ती गल्लीत शिरली, आणि बायकांनी हसत हसत कानांवर हात ठेवले. त्यांना हात ठेवता येत होते.

डॉल्बीची गाडी आमच्या दारापुढून सरकून थोडी पुढं थांबली. खोक्यांची तोंडं मागं, जीपकडं. जीप बरोबर दारात आली. माझा नवरा उभा होता, छातीवर पदकं, गळ्यात हारावर हार, एक हात सॅल्यूटला. तोंडावर हसू होतं, पण ते फोटोतलं हसू. प्रत्येक दणक्याला त्याचा उजवा डोळा बारीक होत होता. आणि त्यानं मान जराशी वळवली होती. बघणाऱ्याला वाटावं, गर्दीतल्या कुणाकडं बघतोय. मला कळलं. गेलेला डावा कान त्यानं खोक्यांकडं केला होता, आणि उरलेला त्याच्याआड लपवला होता.

मी ओरडले, "बंद करा!" माझा आवाज मलाच आला नाही. आत्यांना वाटलं, मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी पुढं होऊन शेजाऱ्याकडं बघत पुन्हा ओरडले. तो मिक्सरमागं उभा होता. मला बघून त्यानं अंगठा दाखवला, दादा दारात आला म्हणून काहीतरी फिरवलं, आणि तो नवा बेस सुरू झाला. ताटातल्या अक्षता नाचायला लागल्या. खरंच नाचायला लागल्या. माझ्या नवऱ्याचा सॅल्यूटचा हात कपाळावरून निसटला आणि अर्ध्या वाटेत कानाकडं जाऊन थांबला. गळ्यात एवढे हार, समोर एवढं गाव. त्यानं तो हात परत कपाळाला नेला.

तो हात परत जाताना मी बघितला, आणि मग मी काही विचार केला नाही. सगळ्यांना दिसेल असं ताट वर धरलं, आणि निरांजनावर फुंकर मारली.

आमच्याकडं दिवा कधी तोंडानं फुंकत नाहीत. फुलानं शांत करतात, तेही देवाची माफी मागून. आणि विझला असं म्हणतसुद्धा नाहीत. नवरा दारात उभा असताना, ओवाळायच्या आधी, त्याच्या बायकोनं निरांजन फुंकायचं, हे त्या गल्लीत कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं. आत्यांच्या हातून तांब्या पडला. बायका मागं सरकल्या. पुढं नाचणारे थांबले, त्यांच्या मागचे त्यांना धडकून थांबले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं झाली. शेजाऱ्यानंही बघितलं. त्याचा हात आपोआप खाली आला, आणि बंद झालं.

इतकी वर्षं ओरडून, पोलीस आणून, लाटणी आपटून जे झालं नव्हतं ते एका फुंकरीनं झालं. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. नंतर अपशकुनाचं खूप बोलणं झालं. बोलू दे. अपशकुन दिव्यानं केला नव्हता.

नवरा जीपमधून उतरला. आत्यांनी काडी ओढून निरांजन परत लावलं, भाकरतुकडा टाकला. मी कुंकू लावायला हात वर केला, तसा तो वाकला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. त्याला वाटलं तो कुजबुजतोय. स्वतःचा आवाज केवढा आहे हे त्याला आता कळत नव्हतं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बरं केलंस गं. लय दुखत हुतं. पार डोळ्यासमोर आंधारी आली."

मामांनी फेटा काढून हातात घेतला. शेजारी गाडीच्या कडेला उभा होता. त्याच्याकडं मी बघितलं, चांगलं टक लावून बघितलं. मग नवऱ्याला ओवाळून आत घेतलं.

संध्याकाळी तो खुर्चीत बसला. मी मशीन सुरू केलं. थोडा वेळ ऐकल्यासारखं करून तो म्हणाला, "चालू कर की." मशीन चालूच होतं. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, पायटा हलत होता. मग हळूच हात पुढं करून तळवा मशीनच्या टेबलावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. पुढं मिरजेला जाऊन कान दाखवले. आता यंत्र लावून थोडंफार ऐकू येतं, समोर बसून मोठ्यानं बोललं तर. त्या मिरवणुकीत किती गेलं आणि आधीच किती गेलेलं होतं, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. मी सांगू शकते, पण माझं कोण ऐकतं.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी आला. टेस्टिंग नव्हतं. नवरा खुर्चीत होता, टेबलावर तळवा ठेवून. मी मशीनवर बाह्या जोडत होते. शेजारी उंबऱ्याशी उभा राहिला, खाली बघत, आणि पुटपुटला, "दादा, चुकलं माजं."

"आं?" नवरा म्हणाला.

शेजाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगावं, अशी त्याची अपेक्षा होती. मी नवऱ्यासमोर बसून मोठ्यानं एकदा सांगितलं असतं तर काम भागलं असतं. मी शिवत राहिले.

"चुकलं म्हनलं, दादा," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

"काय म्हंतोस? मोठ्यानं बोल की गड्या, मला ऐकू येत न्हाई."

गल्लीत बायका पाणी भरत होत्या. समोरच्या ओट्यावर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती. शेजाऱ्यानं एकदा मागं वळून त्यांच्याकडं बघितलं. मी पायट्यावरचा पाय उचलला, आणि हाताखालचं मशीन थांबल्याचं कळून नवऱ्यानं मान वर केली.

मग शेजारी ओरडला. डॉल्बीशिवाय, माईकशिवाय, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "दादा, माजं चुकलं!"

"आसं व्हय," नवरा म्हणाला. "बस की मग. च्या घे."

मी चहा टाकायला उठले नाही.